सातबारा, संस्थेचं रजिस्टर, काटा: बायकांचं नाव कुठं कुठं लागलं पाहिजे

मराठवाड्यात सोयाबीनची खुरपणी, कापसाची वेचणी, हरभऱ्याची काढणी ही कामं बहुतेक बायकाच उरकतात. नाथसागर, माजलगाव, येलदरी, मांजरा या धरणांच्या काठच्या गावांत भोई आणि कोळी समाजाच्या बायका जाळी सांधतात, मासळी निवडतात, पाटी डोक्यावर घेऊन आठवडी बाजार करतात. पण सातबारा, आडतीची पट्टी, मच्छीमार संस्थेचं सभासद रजिस्टर आणि मुकादमाची उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) वही उघडून बघितली तर चारही ठिकाणी नाव पुरुषाचं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहिती खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावर सुमारे 14 टक्केच होती.

8 मार्चच्या कार्यक्रमापेक्षा मला या चार कागदांची काळजी जास्त वाटते. अनुदान, पीककर्ज, भरपाई, सभेतलं मत, तळ्याचा ठेका हे सगळं कागदावरच्या नावामागं जातं; कामामागं जात नाही. म्हणून इथं ते नाव कसं लावायचं आणि कुठं अडतं एवढंच लिहितो आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून. नवरा हयात असताना बायकोचं नाव लावायचा सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे लक्ष्मी मुक्ती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1990 च्या सुमारास ही मोहीम गावोगाव नेली आणि 15 सप्टेंबर 1992 ला राज्य शासनानं त्यावर परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं, असं त्यात आहे. खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क इथं लागत नाही.

अर्ज नवऱ्याच्या सहीचा, तहसीलदारांच्या नावे, आणि द्यायचा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्यांच्याकडे. सोबत चालू सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), दोघांची आधार कार्डं, लग्नाचा पुरावा (विवाह नोंदणीचा दाखला किंवा रेशन कार्ड) आणि नवऱ्याचं संमतीचं स्वयंघोषणापत्र. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायचीच, तारखेसह. त्यानंतर नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींच्या रजिस्टरला जातं आणि तिथं सुनावणी होते.

यात चार ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, नाव कब्जेदार सदरात न लागता 'इतर हक्क' मध्ये लागतं. दिसायला ते सातबाऱ्यावर असतं, पण इतर हक्कातल्या नावावर ना पीककर्ज मिळतं, ना खातेदार म्हणून अनुदान. फेरफार मंजूर झाल्याबरोबर नवा सातबारा काढायचा आणि नाव डाव्या बाजूला भोगवटादारांत, खाते क्रमांकाखाली आहे का ते बघायचं. दुसरं, आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं आणि बँकेत तिसरंच. नावातला एखादा काना-मात्रा चुकला तरी पुढं फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) अडकतो, म्हणून आधी आधार दुरुस्त करून मगच अर्ज द्यावा. तिसरं, जमीन तीन भावांच्या सामाईक खात्यात असते आणि नवऱ्याचा हिस्सा आकड्यात लिहिलेलाच नसतो. मग भाऊ हरकत घेतात. अशा वेळी आधी महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणी करून घ्यावी लागते. सगळे सहमत असतील तर ती तहसीलदारांसमोर होते. चौथं, जमीन भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली निघते. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनामी, देवस्थानच्या जमिनी भरपूर आहेत, तेव्हा सातबाऱ्यावरचा भूधारणा प्रकार वाचल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नये. वर्ग-2 असेल तर काय परवानगी लागेल ते तहसीलमध्ये आधी विचारावं.

कार्यालयात 'अशी योजना आता नाही' असं उत्तर मिळालं तर वाद घालत बसू नये. परिपत्रकाची प्रत अर्जाला जोडावी, तारीख अर्जातच लिहावी आणि लेखी नकार मागावा. लेखी नकार द्यायला सहसा कुणी धजत नाही.

घरातली मोठी माणसं विचारतात, उद्या ती निघून गेली तर? त्यांना सरळ उत्तर द्यावं. नाव लागल्यावर सगळी जमीन विकायची म्हटलं तर तिची सही लागते, आणि सावकारी कर्जापायी किंवा दारूपायी जमीन परस्पर जाते तेव्हा हीच सही आडवी येते. लेकरांच्या भाकरीला यापेक्षा मोठा आधार मला दुसरा दिसत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असला तर तो तसाच राहतो. नाव लावल्यानं कर्ज वाढतही नाही आणि फिटतही नाही.

बक्षीसपत्राचाही रस्ता आहे. शेतजमीन पत्नी, मुलगी, मुलगा, नातवंडं किंवा मृत मुलाची बायको यांना बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा लागतो का ते दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावं. बक्षीसपत्रानं ठरावीक गट नंबर, ठरावीक क्षेत्र तिच्या एकटीच्या नावावर होतं. ज्या घरात आधीच भांडण आहे तिथं मी लक्ष्मी मुक्तीऐवजी हेच सुचवेन.

नवरा गेल्यावरची गोष्ट वेगळी आणि जास्त निकडीची. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, आठ-अ दिलं की आधी वारस रजिस्टरला, म्हणजे नमुना 6क ला नोंद होते आणि मग फेरफार. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. तीन महिने उलटले म्हणून हक्क जात नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण 'आता उशीर झाला' म्हणून विधवांना परत पाठवलं जातं. 2025 मध्ये राज्यानं जिवंत सातबारा मोहीम काढली ती मयतांची नावं काढून वारसांची लावण्यासाठीच.

इथं बघायच्या दोन गोष्टी. मुलं अज्ञान असतील तर त्यांच्या नावापुढं अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. ते आईचं लागलं पाहिजे. सासऱ्याचं किंवा दिराचं लागलं तर मुलं सज्ञान होईपर्यंत त्या हिश्शाचा कारभार तिच्या हातात राहत नाही. दुसरं, सासरे हयात असतील आणि जमीन त्यांच्याच नावावर असेल तर नवऱ्याच्या मृत्यूनं सातबाऱ्यावर काहीच हलत नाही. ती सून सातबाऱ्याबाहेरच राहते. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायकांची सगळ्यात मोठी कोंडी हीच आहे. महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा 505 बायकांची पाहणी केली, तेव्हा 40 टक्के बायकांना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा जन्मापासूनचा हिस्सा असतो आणि तो बायको-मुलांकडे येतो. सासऱ्यांनी राजीखुशीनं वाटणी केली तर उत्तम. नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही.

मुलींचं काय? हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे आणि महाराष्ट्रानं तर 1994 मध्येच तशी दुरुस्ती केली होती. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेली वाटणी त्यामुळं उघडत नाही. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागतो. मुस्लिम कुटुंबांत त्यांच्या कायद्याप्रमाणं मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा, आणि मुलं असतील तर विधवेला एक अष्टमांश. तेवढा तरी सातबाऱ्यावर येतो का, हा तिथला प्रश्न.

प्रत्यक्षात होतं काय, तर तेराव्याच्या आत हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहीण रडून डोळे सुजलेल्या अवस्थेत सही करते, साडीचोळी घेते आणि परत जाते. नोंदणीकृत हक्कसोडपत्र सहजासहजी मागं घेता येत नाही. वारस नोंदीला हक्कसोडपत्राची गरजही नाही. सगळ्यांची नावं लावून घेऊन वाटणीचं पुढं बघता येतं. बहिणींनी निदान सहा महिने सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही, म्हणून मधला रस्ताही सांगतो. नाव राहू द्यायचं, जमीन भावानं कसायची आणि बटईचा हिशोब कागदावर लिहायचा. किंवा पूर्ण हिस्सा न मागता 10-20 गुंठे तरी आपल्या नावावर ठेवायचे. उद्या सासरी काही बिनसलं तर त्या 20 गुंठ्यांवर पत्रा टाकून उभं राहता येतं.

नाव लागल्यावर काय मिळतं ते थोडक्यात. कृषी यांत्रिकीकरणात महिला खातेदाराला 50 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे; अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांना 40 टक्के. फार्मर आयडी तिच्या नावानं निघतो आणि एप्रिल 2025 पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच. ई-पीक पाहणी ती स्वतःच्या फोनवरून करू शकते. अपघातात मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाख रुपये मिळतात. त्यात खातेदाराबरोबर खातेदार नसलेली घरातली एक व्यक्तीही धरली आहे, पण दोन्ही जीव खातेदार म्हणून धरले जाणं केव्हाही चांगलं. एक गैरसमज मात्र काढून टाकावा. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये नवरा-बायको-अज्ञान मुलं मिळून एका कुटुंबाला एकदाच मिळतात. बायकोचं नाव लावलं म्हणून दुसरा हप्ता सुरू होत नाही, आणि त्या आशेनं नाव लावलं तर नंतर घरात नाराजी येते.

नाव लागेपर्यंत थांबायचं नसेल तर घरातल्याच जमिनीचा एक तुकडा तिच्या निर्णयावर सोडावा. किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-धाराशिव भागात हेच एक एकर शेतीच्या रूपात रुजवलं आणि 2017 मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. कल्पना साधी आहे. बाईनं घरच्यांकडून अर्धा ते एक एकर मागून घ्यायचं आणि त्यात काय पेरायचं, काय विकायचं, काय घरात ठेवायचं हे तिनंच ठरवायचं.

20 गुंठ्यांचं गणित असं बसतं. खरिपात तुरीच्या ओळींमध्ये मूग किंवा उडीद. मूग 65 ते 70 दिवसांत निघतो आणि पोळ्याच्या आसपास हातात पैसा येतो. बांधाकडून अंबाडी, मधे तिळाचा एक पट्टा. मूग निघालेल्या जागेत सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मालदांडी ज्वारी किंवा हरभरा, कडेनं करडईच्या दोन ओळी, म्हणजे काटे असल्यानं जनावरं आत शिरत नाहीत. पाण्याजवळचे दोन गुंठे मेथी, पालक, कोथिंबीर, गवार, वांगी यांना, पण पालेभाजी एकदम न पेरता दर 15 दिवसांनी एक वाफा. जीवामृतासाठी एकरी 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, दोन-तीन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. अर्ध्या एकराला सगळं निम्मं घ्यावं.

बिघडतं ते पिकात कमी आणि घरात जास्त. तिला मुरमाड कोपरा दिला जातो आणि पाण्याची पाळी शेवटची येते. पहिल्या वर्षी पीक चांगलं आलं की दुसऱ्या वर्षी तोच तुकडा सोयाबीनमध्ये ओढला जातो. म्हणून मागतानाच तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. तुकडा कुठला, पाण्याची पाळी कोणत्या वारी, आणि किमान तीन वर्षं. बाँडपेपरची गरज नाही. बचत गटाच्या बैठकीत चार बायकांसमोर बोललेला शब्द गावात बऱ्यापैकी टिकतो.

आता मजुरी. बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असण्याचं कारण 'पुरुषाचं काम जड' असं सांगतात. आठ तास वाकून खुरपं चालवणं हलकं आहे असं म्हणणाऱ्यानं एक दिवस पात धरून बघावी. सारख्या कामाला सारखा मोबदला हा 1976 पासून कायदा आहे आणि आताच्या वेतन संहितेतही ते आहे, पण रानात कायदा दाखवून रोज वाढत नाही. टोळीनं एकत्र बोललं तर वाढतो. टोळीनं रोजाऐवजी गुत्तं (एकरी ठरवलेलं काम) घ्यायचं तर रान आधी पायाखाली घालावं. समजा एकरी 3,200 रुपये ठरले आणि 8 जणींनी एका दिवसात उरकलं, तर प्रत्येकीला 400 पडतात. तेच तण गुडघ्याला आलेलं असलं आणि दीड दिवस लागला तर रोज 266 वर येतो आणि सगळ्या तोट्यात जातात. पाऊस पडून वाफसा गेला तर काय, हेही आधीच बोलून ठेवावं.

वेचणीत काटा बघावा. पाच लिटरच्या कॅनमध्ये पूर्ण पाणी भरलं की ते पाच किलो भरतं. आधी रिकामा कॅन काट्याला लावायचा, मग भरलेला. फरक पाच किलोचा यायला हवा. कमी आला तर काटा मारतो आहे, आणि तो दिवसभर प्रत्येक पाटीला मारणार. हे वेचणी सुरू व्हायच्या आधी करावं, संध्याकाळी करून भांडणच होतं. दवातला कापूस वेचला तर मालक ओलीचं वजन कापतो, म्हणून ऊन वर आल्यावर सुरुवात आणि ओलीची कपात किती ते आधी ठरलेलं, असं असावं.

बीडच्या ऊसतोडीबद्दल थांबून बोललं पाहिजे. तिथं कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि फेडायला दोघं. बाईच्या निम्म्या कोयत्याचा हिशोब वेगळा कुठंच लिहिला जात नाही. 2019 मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या त्रासात खाडा केला तर पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि दुखण्यावर तालुक्याच्या गावी एकच उपाय सांगितला जातो. उचलीच्या कागदावर दोघांची नावं आणि दोघांच्या सह्या हव्यात, उचल निम्मी-निम्मी दोन खात्यांत जमा व्हावी, टनाची नोंद दोघांच्या वहीत रोज उतरावी. ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद करताना बाईची नोंद आणि ओळखपत्र वेगळं काढावं, नवऱ्याच्या कार्डावरचं कुटुंबीय म्हणून नाही. आणि गर्भाशय काढायला कुणी सांगितलं तर जिल्हा रुग्णालयातल्या सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञाचं दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं यांतला बराचसा त्रास औषधानं बरा होणारा असतो.

मासेमारीत अडसर संस्थेच्या दारात आहे. धरणाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेला मिळतो आणि संस्था सभासदांनाच जाळं टाकू देते. बाईनं सभासदत्व मागितलं की 'तुम्ही कुठं तराफ्यावर जाता' म्हणतात. संस्थेचे उपविधी (अंतर्गत नियम) मागून घ्यावेत, सभासदाची पात्रता त्यात काय लिहिली आहे ते वाचावं, आणि जाळी विणणं, मासळी निवडणं, विक्री ही आपली कामं अर्जात तपशिलानं लिहावीत. अर्ज लेखी, भाग भांडवलाची रक्कम आणि प्रवेश फीसह द्यावा आणि पोच घ्यावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणं संस्थेनं तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदाराला सभासद झाल्याचं मानलं जातं. नकार आला तर दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील करता येतं. सभासद झाल्यावर वार्षिक सभेला जाऊन हजेरीच्या वहीत सही करावी. सभांना गैरहजर राहिल्यानं मताच्या हक्कावर काही परिणाम होतो का ते उपविधीत वाचून घ्यावं.

याच कायद्याच्या कलम 73क मध्ये व्यवस्थापक समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभासद बायकाच नसतील तर त्या जागा रिकाम्या पडतात किंवा चेअरमनच्या घरातली एक सही तिथं बसते. दोन खऱ्या विक्रेत्या बायका समितीत गेल्या तर मासळीचा दर, बर्फाचा खर्च, व्यापाऱ्याला दिलेली उधारी हे विषय सभेत येतात, कारण बाजारातला भाव रोज त्याच बघतात. वेगळी महिला संस्था काढायची तर किमान 10 जणी लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या असाव्या लागतात. एका घरातल्या सासू-सुना दोन धरल्या की प्रस्ताव परत येतो. गावच्या पाझर तलावावर डोळा असेल तर तो ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की जलसंपदाचा हे आधी शोधावं. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे, त्या सभेच्या इतिवृत्तात तलावाची मागणी उतरवून घ्यावी.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान ठेवलेलं आहे. बर्फपेटीसह मोटरसायकलचा खर्च 75,000 धरला आहे, म्हणजे बाईच्या नावानं अर्ज केला तर 45,000 अनुदान. तीनचाकीला 3 लाखांवर 1 लाख 80 हजार. यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं. पुरुषांनी बायकोच्या नावानं अर्ज करून गाडी स्वतः फिरवायची, हा प्रकार सगळीकडे होतो. गाडीची नोंदणी तिच्या नावावर आणि चालवायचा परवाना तिचा, हे आधी झालं पाहिजे. बर्फ मासळीच्या वजनाइतका घ्यावा, खाली थर, मधे थर, वर थर. उन्हाळ्यात निम्म्या बर्फात भागवलं तर दुपारी गिऱ्हाईक कल्ले उचलून बघतं आणि भाव निम्म्यावर येतो. मत्स्यपालन आणि मासेविक्रीला किसान क्रेडिट कार्ड मिळतं, आणि मासेविक्रीसाठी सातबारा लागत नाही.

शेततळ्यातले मासे हा बायकांच्या गटाला जमणारा धंदा आहे, पण पाणी मार्च-एप्रिलपर्यंत दीड मीटर तरी राहणार असेल तरच. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये 500 बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) पुरे: 200 कटला, 200 रोहू, 100 मृगळ. मृगळ तळाशी चरतो आणि प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात तळाला काही नसतं, म्हणून तो कमी. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा भिजवून टोपलीत टांगायचा. बोटुकली 10 ग्रॅमची असताना सगळ्यांचं वजन 5 किलो, त्याच्या 3 टक्के म्हणजे रोज 150 ग्रॅम. मासा पाव किलोचा झाला की वजन 125 किलो आणि 2 टक्क्यांनी रोज अडीच किलो. टोपलीत खाद्य उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करावं, कारण सडलेलं खाद्य पाण्यातला प्राणवायू खातं. पहाटे मासे तोंड वर काढून फिरताना दिसले तर खाद्य बंद आणि ताजं पाणी वरून धबधब्यानं सोडायचं. तळ्याला कुंपण आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर हवेतच. अस्तरावर पाय ठरत नाही आणि पोहता येणारं माणूसही बाहेर निघू शकत नाही. खाद्य टाकायला जाणारी बहुधा बाईच असते, आणि अनेक गावांत बायकांना पोहायला शिकवलेलं नसतं. गटातल्या दोघी-तिघींनी तरी शिकून घ्यावं.

शेवटी फोन. नाव लागलं, खातं निघालं, फार्मर आयडी झाला, पण सगळीकडे मोबाइल क्रमांक नवऱ्याचा किंवा मुलाचा दिलेला असतो. ओटीपी तिकडं जातो, पैसे जमा झाल्याचा मेसेज तिकडं जातो आणि बाईला महिनोन्‌महिने कळत नाही. आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडून घ्यायचा, आधार केंद्रावर बोटाचा ठसा देऊन तो बदलता येतो. मग बँकेत आणि नंतर महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या अर्जांच्या पोर्टलवर), याच क्रमानं, कारण पुढच्या दोन्हीकडे पडताळणी आधारवरूनच होते. खुरपून बोटांचे ठसे झिजलेले असतील तर डोळ्याच्या बुबुळाचा स्कॅन घ्यायला सांगावं. तेही नाही जुळलं तर सुगीचे दिवस सोडून, हाताला आठवडाभर विश्रांती आणि खोबरेल तेल लावून परत जावं. तेव्हा ठसा बहुतेक वेळा येतो.